ऑप्शनला टाकलेला धडा

रात्रपाळी करून मी घरी येते तेव्हा
कन्नमवार नगरात पाण्याच्या मोटारी घरघरायला लागलेल्या असतात
आणि प्रज्योत वहीवर गाल टेकून झोपलेला.
गालावर शाईत उलटा उमटलेला
केप्लरचा दुसरा नियम.

मी लगेच उठवत नाही.
आधी हात धुते, कोपरापर्यंत,
घरीसुद्धा, हाताला सवयच तशी.
मग चहा टाकते
आणि झाकण जरा जोरात ठेवते.
तो दचकून उठतो. म्हणतो, झोपलो नव्हतो.

पंधरा दिवस राहिलेत.
मी आठवी पास. माझं काम एवढंच :
पुस्तक धरायचं, प्रश्न वाचायचा,
आणि उत्तर मला आधीपासून ठाऊक आहे
असं तोंड करून बसायचं.
इंग्रजीला तर मी नुसतं पुस्तक धरते.

आज विज्ञान भाग दोन.
पेशी झाल्या, ऊर्जा झाली,
आपत्ती व्यवस्थापन त्यानं एका दमात म्हणून टाकलं,
जसा काही आमच्या जिन्यात रोज भूकंप होतो.
पुढं पान उलटलं तर मधली सात-आठ पानं
एकमेकांना चिकटलेली, नवीकोरी,
त्यांना अजून दुकानाचा वास.

हे रे?
ते ऑप्शनला टाकलंय, म्हणाला, खिडकीकडे बघत.
किती मार्कांचं?
असेल पाच-सहा. बाईंनीपण वर्गात
घरी वाचा म्हणून सोडून दिलं.

मी चित्र बघितलं.
फार स्वच्छ होतं. गुलाबी, निळं,
बाणांच्या टोकाला नीट नावं.
काल रात्री आमच्याकडे सात बायका सुटल्या.
एकीचं पोर पायाळू.
एक गोवंडीची, एकोणीस वर्षांची,
माझं मनगट धरून असली ओरडली,
हा बघ, वळ आहे अजून.
आणि पुस्तकात त्या सगळ्याची मिळून एकच ओळ,
तीपण कंसाआधी संपलेली.

वाच, म्हटलं. अपरा म्हणजे काय?
तो गप्प. कान लाल.
मीच खालचं वाचलं, बोट ठेवून.
अरे, ही तर वार!
बावीस वर्षं मी बादलीतून नेतेय हिला,
नाव आज कळलं.

मग सांगत बसले.
बाळ रडलं तरी आम्ही पेढ्यांचं नाव काढत नाही
वार पडेपर्यंत.
ती पसरून बघायची, सगळी आली का.
तुकडा राहिला आत, तर बाई हातची जाते.
हे लिहू का उत्तरात? त्यानं विचारलं,
आणि हसला एकदाचा.

आकृती काढ.
काढली. गर्भाशय भोपळ्याएवढं.
एवढं नसतं, मुठीएवढं असतं.
त्यानं स्वतःची मूठ करून बघितली.
तुझी नको. माझी बघ.
बराच वेळ बघत होता.
मग वहीत खोडत खोडत, वर न बघता,
तू ओरडली होतीस?
नाही.
का?
सगळ्या ओळखीच्या उभ्या होत्या, माझ्याच पाळीतल्या. लाज वाटली.
चहावर साय धरली होती, ती मी बोटानं काढली.
ओरडायला हवं होतं, म्हटलं.

पेपरात त्यातलं काही आलंच नाही.
आपत्ती व्यवस्थापन आलं.
फडतऱ्यांचा पोरगा खाली उड्या मारत होता,
आमचा चिडलेला वर आला, बूट भिरकावून
आमटी-भात जेवला, झोपला.

पण दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आले
तर जागा होता, खरोखर जागा.
किती?
पाच, मी म्हटलं, हात धूत.
वार?
पडली सगळ्यांची.
पूर्ण? बघितलीस?
बघितली.
त्यानं मान हलवली, बरोबर उत्तराला हलवतात तशी,
आणि भूगोलाचं पुस्तक
माझ्या ओल्या हातात दिलं.